ओढा आपली जागा मागतो

पुण्यातल्या ठिकाणांची ही नावं जरा मोठ्याने वाचा पाहू : फडके हौद, पंचहौद, बदामी हौद, नागझरी, लकडी पूल, बंड गार्डन. काय साम्य आहे यांच्यात?

बरोबर! प्रत्येक नावात पाणी लपलेलं आहे. हौद, झरी आणि पूल तर लगेच कळतात. पण बंड गार्डन? तिथे कुणी बंड केलं होतं की काय? छे! हा 'बंड' म्हणजे आपला साधा 'बांध'. इंग्रजांच्या तोंडी त्याचा 'बंड' झाला. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेल्या देणगीतून मुळा-मुठा नदीवर बांध घातला गेला आणि त्याच्या काठच्या बागेला बंड गार्डन म्हणू लागले.

या नावांमधले काही हौद अजून आहेत, काही कधीच बुजले. नावं मात्र राहिली. रिक्षावाले काका तुम्हाला बिनचूक तिथे सोडतात; पाणी कुठे गेलं, ते मात्र कुणी सांगत नाही.

शहराचा इतिहास म्हटलं की आपण राजे, पेशवे, लढाया आणि सनावळ्या पाठ करतो. आज आपण तोच इतिहास एका वेगळ्या साक्षीदाराकडून ऐकू या. हा साक्षीदार फार जुना आहे आणि त्याची स्मरणशक्ती जबरदस्त आहे. कोण? अहो, पाणीच!

नदी, नागझरी आणि आंबील ओढा

पुण्याची सगळ्यात जुनी वस्ती म्हणजे कसबा. ती नेमकी तिथेच का वसली? नकाशा काढा म्हणजे कळेल. एका बाजूला मुठा नदी, पूर्वेला नागझरीचा ओढा आणि कात्रजच्या डोंगराकडून वाहत येणारा आंबील ओढा. प्यायला पाणी, शेतीला पाणी, जनावरांना पाणी. आणखी काय हवं? माणसांनी पाणी पाहिलं आणि घरं बांधली. आधी पाणी आणि मग गाव, हा क्रम लक्षात ठेवा. पुढे तो उलटा झाला आणि घोटाळा तिथेच झाला.

आंबील ओढा दिसायला लहान, पण पावसाळ्यात मोठा अवखळ. पूर्वी तो आजच्या पेठांच्या भागातून वाहत मुठेला मिळायचा. पुणं वाढू लागलं तसा तो अडचणीचा वाटू लागला. पेशवाईत, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, पर्वतीच्या पायथ्याशी बांध घालून मोठं तळं करण्यात आलं आणि ओढ्याला पश्चिमेकडे वळवून मुठेत सोडण्यात आलं. मोकळ्या झालेल्या जमिनीवर पुढे पेठा वाढल्या.

त्या तळ्यात एक छोटं बेट होतं. बेटावर सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ साली, गणपतीची स्थापना झाली. तोच आपला 'तळ्यातला गणपती'. तुम्ही सारसबागेत भेळ खाल्ली असेल, हिरवळीवर लोळला असाल. ती हिरवळ म्हणजे तळ्याचा तळ! विसाव्या शतकात तळं गेलं आणि त्या जागी बाग झाली. देवळाभोवती कमळांचं जे छोटं तळं आज दिसतं, ते जुन्या तळ्याची तेवढी आठवण करून देतं.

पंपाशिवाय आलेलं पाणी

आता एक कोडं. वीज नाही, पंप नाही, लोखंडी पाइप नाहीत. तलाव कात्रजला आणि तहान शनिवारवाड्याला. मधलं अंतर आठ-दहा किलोमीटर. पाणी कसं आणाल?

नानासाहेबांच्या कारागिरांनी १७५० च्या सुमारास हे कोडं सोडवलं. कात्रज उंचावर आहे आणि पुणं सखल भागात. मग काम उतारावरच सोपवू या! कात्रजला तलाव बांधले. तिथून जमिनीखालून चुना, वीट आणि दगड यांचा बांधीव नळ शहरापर्यंत आणला. काही ठिकाणी तो इतका उंच आहे की माणूस आतून चालत जाऊन साफसफाई करू शकेल. वाटेत ठरावीक अंतरावर 'उच्छ्वास' बांधले. किती छान शब्द आहे पाहा! नळाला श्वास घेता यावा, आत उतरून गाळ काढता यावा, म्हणून बांधलेल्या या खिडक्या. शहरात पोहोचल्यावर फाटे फुटत पाणी वाड्यांत आणि रस्त्यांवरच्या हौदांत पडायचं. शनिवारवाड्यातलं हजारी कारंजं उडायचं तेही उंचावरून आलेल्या पाण्याच्या दाबावरच.

यातली खुबी समजली ना? या कारागिरांनी पाण्याशी भांडण केलं नाही. पाण्याला उताराने धावायचंच असतं, त्यांनी त्याला फक्त रस्ता दाखवला.

हौद सगळ्यांचा?

हौद रस्त्यावर होता, म्हणजे तो सगळ्यांचा होता का? नाही. हाही इतिहास पाण्यानेच पाहिला आहे आणि तो सांगायला हवा.

ज्यांना समाज अस्पृश्य म्हणत असे, त्यांना या हौदांना हात लावायची मनाई होती. भर उन्हात हौद भरलेला असायचा आणि तहानलेला माणूस दूर उभा राहायचा. कुणाला दया आली तर त्याच्या भांड्यात वरून पाणी ओतणार.

१८६८ साली महात्मा जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. हे घर त्या वेळच्या गंज पेठेत होतं. केवढी खळबळ उडाली असेल, कल्पना करा! जोतीराव आणि सावित्रीबाई डगमगले नाहीत. फुलेवाड्यात गेलात तर तो हौद अवश्य पाहा. शहरात पाणी किती आहे, हा एक प्रश्न झाला. ते कुणाला मिळतं, हा दुसरा. दोन्ही प्रश्न आजही विचारावेच लागतात.

खडकवासल्याचं नवल

इंग्रजांच्या काळात पुण्यात लष्कराची छावणी वाढली, वस्ती वाढली. कात्रजचं पाणी पुरेना. मग मुठा नदीवर खडकवासल्याला दगडी धरण उभं राहिलं. ते १८७९ साली पूर्ण झालं. तिथून निघालेला कालवा आजही शहराच्या मधून पुढे शेतीकडे जातो.

या धरणावर एका तरुण इंजिनिअरने नवल केलं. त्याचं शिक्षण पुण्याच्याच कॉलेज ऑफ सायन्समध्ये झालेलं होतं. धरणाची भिंत न वाढवता जास्त पाणी कसं साठवायचं? त्याने आपोआप उघडणारे दरवाजे तयार केले. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर चढलं की दरवाजे आपले आपण उघडायचे. पूर ओसरला की पुन्हा मिटायचे. हे दरवाजे १९०३ साली खडकवासल्याला बसवले गेले. त्या इंजिनिअरचं नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुढे ते 'भारतरत्न' झाले. १५ सप्टेंबरला आपण अभियंता दिन साजरा करतो ना? तो त्यांचाच जन्मदिवस.

१२ जुलै १९६१

तुमच्या ओळखीत पुण्याचे जुने आजी-आजोबा असतील, तर त्यांच्यापुढे फक्त दोन शब्द उच्चारा : 'पानशेतचा पूर'. मग पुढचा तासभर तुम्हाला काही बोलावं लागणार नाही.

मुठेला मिळणाऱ्या अंबी नदीवर पानशेतला मातीचं धरण बांधायचं काम चालू होतं. काम पुरतं संपलेलं नव्हतं, तरी त्यात पाणी साठवलं गेलं. जुलैच्या जोरदार पावसात पाणी भराभर चढलं. बांध खचू लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून तो सावरायची शिकस्त केली. पण १२ जुलैच्या सकाळी पानशेत फुटलं. तो लोंढा खाली खडकवासल्यावर आदळला आणि ८२ वर्षं उभं असलेलं ते दगडी धरणही फुटलं.

मुठा पात्राबाहेर आली. नदीकाठच्या पेठांमध्ये, डेक्कन जिमखान्यावर पाणी घुसलं. पूल पाण्याखाली गेले. वाडे कोसळले. माणसं गेली, हजारो संसार उघड्यावर आले. आणि पूर ओसरल्यावर लोकांच्या लक्षात आलं की शहराला पाणी पुरवणारं धरणच वाहून गेलंय! नळ कोरडे पडले. मग वाड्यांमधल्या विसरलेल्या विहिरी पुन्हा आठवल्या. काल पाण्याने बुडवलेलं शहर आज पाण्यासाठी बादल्या घेऊन हिंडत होतं.

पूरग्रस्तांसाठी शहराबाहेर नव्या वसाहती झाल्या. आज त्या ऐन शहरात आहेत. गोखलेनगर, लोकमान्यनगर ही नावं तुम्ही ऐकली असतील. म्हणजे पुण्याचा आजचा नकाशाही त्या पुराने थोडाफार काढलेला आहे. बरीच पुणेरी माणसं काळ मोजताना अजूनही 'पानशेतच्या आधी' आणि 'पानशेतच्या नंतर' असं म्हणतात.

तो ओढा परत आला

पानशेतचा पूर धरण फुटल्यामुळे आला होता. धरणं फुटली नाहीत तर पुण्याला काही भीती नाही, असं पुष्कळांना वाटत होतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री हा समज खोटा ठरला.

त्या रात्री कात्रज आणि दक्षिण पुण्यावर प्रचंड पाऊस कोसळला. धरण फुटलं नव्हतं, मुठेला पूर नव्हता. मग पाणी आलं कुठून? आंबील ओढ्यातून! तोच तो पेशव्यांनी वळवलेला ओढा. कात्रज, सहकारनगर, अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी, दांडेकर पूल... वाटेतल्या घराघरांत पाणी शिरलं. भिंती पडल्या, गाड्या काड्यापेट्यांसारख्या वाहून गेल्या, गोठ्यात बांधलेली जनावरं सुटू शकली नाहीत. पुणे शहर आणि परिसरात मिळून वीसहून अधिक माणसं दगावली.

दुसऱ्या दिवशी चिखल उपसताना कितीतरी जण म्हणत होते, "हा ओढा आहे? आम्ही तर याला नाला समजत होतो!"

इथे जरा थांबून विचार करा. आपण एखाद्या ओढ्याला नाला म्हणायला लागतो, तेव्हा काय होतं? आधी त्यात सांडपाणी सोडतो. मग कचरा. मग काठावर भिंत बांधतो. मग भिंत थोडी आत सरकवतो. पावसाळ्याचे चार दिवस सोडले तर त्यात पाणी नसतंच, मग एवढी रुंद जागा कशाला हवी, असं म्हणून कुणी इमारत बांधतो, कुणी रस्ता करतो. आणि ज्यांना शहरात दुसरीकडे कुठेच घर परवडत नाही, ती माणसं नाइलाजाने त्याच काठावर झोपडी बांधतात. ओढा अरुंद होत जातो. पण कात्रजच्या डोंगरावर पडणारा पाऊस काही अरुंद होत नाही! तो सगळा खाली येतो आणि आपली जुनी जागा मागतो.

आणि एक गोष्ट विसरू नका. पाणी सोसायटीतही शिरतं आणि वस्तीतही शिरतं. सोसायटीतल्या माणसाला वरच्या मजल्यावर जाता येतं. पत्र्याच्या घराला वरचा मजलाच नसतो.

पाऊसही बदलला

"पण पाऊस पूर्वीही पडायचाच की!" असं तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेल. खरं आहे. मग आता वेगळं काय झालंय?

कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून आपण हवेत जे वायू सोडतो, त्यांच्यामुळे पृथ्वी तापते आहे, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त वाफ धरून ठेवू शकते. म्हणजे आकाशातली बादली मोठी झाली! मोठी बादली भरायला कधीकधी वेळ लागतो, म्हणून पावसात लांब खंड पडतात. पण ती उपडी झाली की एकदम धो-धो.

पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर १९५० ते २०१५ या काळातल्या पावसाच्या नोंदी तपासल्या. मध्य भारताच्या पट्ट्यात एकाच वेळी दूरवर कोसळणाऱ्या अतिमुसळधार पावसाच्या घटना या काळात सुमारे तिपटीने वाढल्याचं त्यांना आढळलं. तापलेल्या अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे हे त्याचं एक कारण. आणि अरबी समुद्र तर आपल्या सह्याद्रीच्या पलीकडेच आहे!

आता थोडं गणित करू. भिऊ नका, सोपं आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी जमतं. समजा, तुमच्या इमारतीची गच्ची १०० चौरस मीटर आहे आणि एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला. किती पाणी झालं? १०,००० लिटर. म्हणजे एक मोठा टँकर! एका गच्चीवरून एक टँकर. मग एक चौरस किलोमीटरवर किती? १० कोटी लिटर. दहा हजार टँकर!

जमीन मोकळी असती तर यातलं बरंचसं पाणी मातीने प्यायलं असतं. विहिरींना, झऱ्यांना मिळालं असतं. पण डांबर पाणी पीत नाही. सिमेंट तर मुळीच नाही. मग ते दहा हजार टँकर एकाच वेळी ओढ्याकडे धावत सुटतात.

२५ जुलै २०२४ ला हेच पुन्हा दिसलं. शहरात एका दिवसात शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, खडकवासल्यातून पाणी सोडावं लागलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पहाटे लोक जागे झाले ते दारात पाणी पाहूनच.

आणि गंमत म्हणा की दुर्दैव, याच शहरात मे महिन्यात पाण्याचे टँकर सोसायट्यांच्या फाटकावर रांग लावतात. जुलैमध्ये जे पाणी नको म्हणून हाकललं, तेच मेमध्ये विकत घ्यायचं!

मग करायचं काय?

पाऊस कसा पडावा, हे पुणेकरांच्या एकट्याच्या हातात नाही. त्यासाठी सगळ्या जगाला धूर कमी करावा लागेल. पण पडलेल्या पावसाला जागा द्यायची की नाही, हे मात्र नक्की आपल्या हातात आहे. ओढ्याचं पात्र मोकळं ठेवणं, त्यात राडारोडा न टाकणं, गच्चीवरचं पाणी जमिनीत मुरवणं, काठावरच्या माणसांना आधी सुरक्षित आणि त्यांच्या कामाजवळचं घर देणं, ही मोठ्यांनी करायची कामं आहेत. आई-बाबा, हा लेख तुम्हीही वाचत असाल तर हे वाक्य तुमच्यासाठी!

पण सगळ्यात पहिलं काम मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त चांगलं जमतं. ते म्हणजे विचारणं. ओढा कुठे होता, हे माहीतच नसेल तर त्याला जागा कशी देणार? पावसाळ्याचे आडाखे बांधायला शास्त्रज्ञांना जुन्या नोंदी लागतात. तशा शहराला आपल्या जुन्या पाण्याच्या वाटाही माहीत असाव्या लागतात. त्यांतल्या कितीतरी कागदावर नाहीत. त्या आजी-आजोबांच्या डोक्यात आहेत आणि तिथून त्या कायमच्या निघून जायच्या आत कुणीतरी लिहून घ्यायला हव्यात.

करून पाहा

१. एका मोठ्या कागदावर तुमच्या घराचा आणि शाळेचा परिसर काढा. तुम्ही पुण्यात राहत असा, नाशकात, कोल्हापुरात किंवा एखाद्या खेड्यात, काही फरक पडत नाही.

२. परिसरात सगळ्यात जास्त वर्षं राहिलेल्या पाच जणांना भेटा. त्यांना विचारा : इथे पूर्वी विहीर, तळं, ओढा, झरा कुठे होता? तुम्ही पोहायला कुठे शिकलात? पूर आला तेव्हा पाणी कुठपर्यंत चढलं होतं? सांगतील तसं निळ्या खडूने नकाशावर काढा.

३. आजचे रस्ते आणि इमारती काळ्या पेन्सिलीने काढा. जिथे निळ्यावर काळं आलं असेल, तिथे लाल गोल करा.

४. पहिल्या जोरदार पावसात खिडकीतून, किंवा मोठ्या माणसाबरोबर सुरक्षित जागेवरून पाहा : पाणी कुठे तुंबतं? वाहत्या पाण्यात मात्र कुणीही उतरायचं नाही हं! आता आपले लाल गोल तपासा.

किती गोल बरोबर आले, ते आम्हाला जरूर लिहून कळवा. सोबत तुमच्या भागातल्या ओढ्याचं खरं नाव लिहा. 'नाला' चालणार नाही. प्रत्येक ओढ्याला कुणीतरी, कधीतरी एक नाव दिलेलं असतं. ते शोधून काढा.